सुभाषभाऊंची मूठ

आधीच सांगते, मी भुतांची गिऱ्हाईक आहे, भक्त नाही. भुतांचे पिक्चर ढिगाने बघते, पण भुतावर काडीचा विश्वास नाही. त्यामुळे हे वाचून झाल्यावर "ताई, आता तरी बसला का विश्वास?" असं कृपा करून कमेंटमध्ये विचारू नका. नाही बसला. जे झालं ते मला कळलेलं नाही, एवढंच खरं आहे.

मी फॉल-पिकोचं काम करते. आम्ही पुरुषोत्तमनगरला राहतो, मिस्टर कारखान्यात नोकरीला आहेत. दिवसभर मांडीवर साडी, हातात सुई आणि समोर दोऱ्याच्या डब्याला टेकवलेला मोबाईल. फॉलला हातशिलाई करताना डोळे अर्धे रिकामे असतात आणि कान पूर्ण रिकामे. तेव्हा भुताचे पिक्चर आणि त्या खुनाच्या खऱ्या गोष्टींच्या सिरीज मी इतक्या बघितल्यात की कुणी पुरस्कार देत असेल तर मला द्यावा. सहनशक्तीचा.

कारण काय ते पिक्चर! नवीन जोडपं गावाबाहेरचा बंगला घेणार. बंगल्याला तळघर असणारच. (आमच्या अख्ख्या तालुक्यात तळघरवालं घर मी बघितलेलं नाही, मग आमच्याकडची भुतं राहतात कुठे?) लाइट जाणार, बाई मेणबत्ती घेऊन एकटीच खाली उतरणार, नवरा ढाराढूर. अहो, आमच्याकडे लाइट रोज जाते. लाइट गेली की डास येतात, भूत नाही. आणि ती हडळ! बाई मेली शंभर वर्षांपूर्वी, आणि साडीला खालून मॅचिंग फॉल, पदराला पिको! कुणी करून दिला? तेव्हा माझी आजेसासूसुद्धा जन्माला आली नव्हती. पुन्हा भीती म्हणजे काय, तर शांतता, शांतता आणि एकदम कानाशी ढॅण! असं तर कुकरच्या शिट्टीनेही माणूस दचकतो. त्याला कुणी हॉरर म्हणतं का?

सिरीजवाल्यांचा तर मला जास्तच राग. एक माणूस उन्हाळ्यात कोट घालून उसातून हळूहळू चालत येणार. "या शांत गावाला ठाऊक नव्हतं..." वरून ड्रोनने तेच ते शेत. पाच भाग. चार भागांत शेजारणी तोंडाला पदर लावून काय वाटेल ते बोलणार, आणि पाचव्याच्या शेवटी हा कोटवाला म्हणणार, "सत्य आजही अंधारात आहे." अरे मग माझे पाच तास कशाला घेतलेस?

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. पण मग त्यांनी आमच्या घरातला माणूस घेतला.

गावाचं नाव देत नाही. शहाद्याहून कळसाडीकडे निघालं की त्या बाजूला आमचं सासर आहे, एवढं पुरे. सुभाषभाऊ म्हणजे माझ्या मिस्टरांचे चुलतभाऊ, वयाने मोठे. त्यांची बायको नंदाताई, माझी जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ. सुभाषभाऊ उन्हाळ्यात मोलगीच्या बाजाराला आमचूर घ्यायला जायचे. वर डोंगरातले लोक कैऱ्या चिरून, वाळवून आणतात, भाऊ पोत्याने घेऊन खाली व्यापाऱ्याला द्यायचे. काही वर्षांपूर्वी असेच गेले. माल दुसऱ्या गाडीत चढवला आणि स्वतः परतीच्या जीपमध्ये बसले. बसताना लोकांनी बघितलं. जीप खाली आली, जो तो आपापल्या गावाला उतरला, आणि भाऊ जीपमध्ये नव्हते. ड्रायव्हर म्हणाला, वाटेत कुठेतरी उतरले असतील, गाडी भरलेली होती, मागचं मला काय दिसतं. पोलिसात तक्रार झाली. आमच्या पुरुषांनी घाट पालथा घातला, डोंगरातल्या लोकांनी स्वतःची कामं टाकून नाले-खोरी शोधून दिली. काही म्हणजे काही नाही. चप्पलसुद्धा नाही.

गोष्ट एवढीच आहे. एवढीच! पाच ओळींत संपते.

नंदाताईंनी कुंकू पुसलं नाही, मंगळसूत्र काढलं नाही. पोरीचं लग्न लावून दिलं, कपाशी स्वतः बघतात. गावातल्या बायांच्या साड्या गोळा करून माझ्याकडे फॉलला आणतात, त्यात त्यांनाही थोडं सुटतं.

मग मागच्या वर्षी दोन पोरं कॅमेरा घेऊन आली. "ताई, सिरीज करतोय, हरवलेल्या माणसांवर. लोक बघतील, कदाचित शोध लागेल." नंदाताईंनी त्यांना शेवभाजी करून वाढली. लग्नातला फोटो भिंतीवरून काढून दिला. दिवसभर त्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. संध्याकाळी मला फोन करून म्हणाल्या, "पोरे चांगला शेतस व. जीव लायीसन ऐकी ऱ्हायंतात." नंतर रोज विचारायच्या, आलं का मोबाईलवर, आलं का.

आलं. मी साडी बाजूला ठेवून बघितलं. सुभाषभाऊंचं नाव बदललेलं, बाकी सगळं कुणीही ओळखावं असं. आमच्या पत्र्याच्या घराला दोन मजले. नंदाताईंच्या जागी एक बाई, ओठ लालभडक, ब्लाउज असा की आमच्या गावात घालून पाण्याला जाऊन दाखवावं. तिचं शेजारच्याशी लफडं. भाजीत विष. मोलगीच्या बाजारात मशाली, कवट्या आणि धूर! मोलगीचा बाजार मी बघितलाय. तिथे प्लास्टिकच्या बादल्या, मोबाईलची कव्हरं, भाजी आणि आमचुराची पोती असतात. डोंगरातल्या माणसांना त्यांनी नुसतं नाचवलं, आणि ज्यांनी खरोखर शोधाशोध केली त्यांचा शब्दाने उल्लेख नाही. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत "नाट्य रूपांतर". मुंगीने वाचावं इतकं बारीक.

विष कुठून आलं? शेजारचा कुठून आला? नंदाताईंच्या शेजारी एका बाजूला गोठा आहे आणि दुसऱ्या बाजूला ऐंशीच्या पुढची मोठी माय!

मोठी माय म्हणजे सुभाषभाऊंची आई. तिने ते बघितलं नाही, तिला दिसत नाही फारसं. पण गावाने बघितलं. आणि गावाला ते पटलं... हे मला अजून पचत नाही. वर्षानुवर्षं ज्या बाईला समोर बघितलं तिच्यापेक्षा तो कोटवाला खरा! बोअरिंगवर पाणी भरणाऱ्या बाया नंदाताई आल्या की गप्प व्हायला लागल्या. साड्या द्यायच्या बंद झाल्या. शेवभाजीचा विषय निघाला की पोरं दात काढायची.

आणि मग आलं कानबाईचं.

जे खानदेशातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी. तिचे रोट असतात, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, ते सगळ्या भाऊबंदांनी एका घरी जमून करायचे आणि भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला त्यातला तुकडा देत नाहीत. आदल्या दिवशी रोटांसाठी गहू काढतात. घराण्यातल्या एकेका पुरुषाच्या नावाची मूठ. आमच्यात पद्धत अशी की मोठी माय परातीसमोर बसते, नाव घेते, त्या माणसाने "हाव" म्हणायचं, मग ती मूठ टाकते. माणूस बाहेरगावी असला तर त्याच्या बायकोने ओ द्यायची. भाऊ गेल्यापासून त्यांच्या नावाला नंदाताई ओ देत होत्या. "सुभाष" म्हटलं की नंदाताईंचा बारीक आवाज, "हाव". मूठ परातीत. पुढचं नाव.

या वर्षी धनराज आबांनी जाहीर केलं की सुभाषची मूठ निघणार नाही. आबा म्हणजे मोठ्या मायचे दीर, भाऊबंदांत शब्द त्यांचाच. ओसरीवर सगळे जमलेले, आणि हे म्हणतात कसे, "त्या शिरीयलमां बठं दखाडं शे. मरेल मानूसनी मूठ टाकतस का?"

मी सून, डोक्यावर पदर. पण तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "आबा, त्या शिरीयलमां आपला घरले दोन मजला दखाडात. शेतस का दोन मजला? तर मंग चला, माले वरला मजलावर झोपाले जागा द्या!"

मिस्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मी नाही बसले. "त्यास्नी चहा आपलाच पिधा, भाजी आपलीच खादी, आनि आपलाच घरले काय दखाडं? तुम्ही त्यास्ले इचारं का, पुरावा काय शे म्हनीसन?"

आबा म्हणाले, "तू तुन्हा साड्या शिव."

मूठ नाही म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. मूठ नाही म्हणजे भाऊंना घराने मेलेलं धरलं. मग नंदाताईंनी कुंकू पुसायचं. आणि नवऱ्याला हिनेच मारलं असं सगळ्यांनी मनात धरलेलं, म्हणजे रोटाच्या पिठाला हिने हात लावायचा नाही, रोटाचा तुकडा हिला मिळणार नाही. एका सिरीजवरून एका जिवंत बाईला घरातून काढून टाकलं, इतकं सोपं.

गहू काढायच्या दिवशी सकाळची कामं आटोपून सगळे आबांच्या ओसरीवर जमलो. लख्ख ऊन होतं, हे मुद्दाम लिहिते. अंगणात गोधड्या वाळत घातलेल्या. लाइट होती, पंखा फिरत होता. पुरुष भिंतीला टेकून, बाया परातीच्या बाजूने, पोरं मधे. पिंकी, माझी पुतणी, स्टेटसला टाकायला मोबाईलवर शूटिंग करत होती. नंदाताई आल्या होत्या. पण त्यांना कुणी "या" म्हटलं नाही, म्हणून त्या अंगणातच उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहिल्या. मी "आत या" म्हणून हाताने खुणावलं तर त्यांनी मान हलवली.

मोठ्या मायला आबांनी सकाळीच बजावलं होतं, सुभाषचं नाव घेऊ नको.

नावं सुरू झाली. आबांचं, आबांनी ओ दिली, मूठ. त्यांच्या मुलाचं, मूठ. आता हे नाव घेणं म्हणजे काय, तर वर्षानुवर्षं वयाच्या क्रमाने घेतलेलं, पाढे म्हणावेत तसं जिभेवर बसलेलं. तिसरं नाव तिच्या तोंडून सवयीनेच गेलं.

"सुभाष."

आबांनी तिला थांबवायला हात वर केला, तोंड उघडलं. आणि त्याआधी उत्तर आलं.

"हाव वं, माय."

पुरुषाचा आवाज. सुभाषभाऊंचा.

मी कसं सांगू... तो आवाज घुमला नाही, लांबून आला नाही, थरथरला नाही. वारा सुटला नाही, पंखा बंद पडला नाही, कुत्रं रडलं नाही. भाऊंच्या तोंडात कायम तंबाखू असायची, त्यामुळे ते ओठ फार न उघडता बोलायचे. अगदी तसं. कुणी शेतातून येऊन पाय धुता धुता आईला ओ द्यावी, जरा कंटाळून, तितकं साधं. इतके पिक्चर बघितले, पण असं साधं मला एकानेही दाखवलं नाही.

सगळ्यांनी वळून बघितलं. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, कारण आवाज तिथून आला होता. मिस्टर फाटकाकडे बघत होते. आबा वर माळ्याकडे. प्रत्येक जण वेगळ्याच बाजूला.

बघितलं नाही ते फक्त मोठ्या मायने. तिने मूठ भरली, परातीत टाकली आणि पुढचं नाव घेतलं. त्या नावाला कुणी ओ दिली नाही. तेव्हा ती थांबली. काय झालं ते तिच्या बहुतेक तेव्हा ध्यानात आलं. तिचा हात गव्हातच राहिला आणि ती रडायला लागली, तोंडाने आवाज न करता.

आबा उठले, माळा बघितला, गोठा बघितला, मागची मोरी बघितली. कुणी नक्कल केली म्हणून पोरांना दम दिला. पोरं तर अशी भेदरली होती की दोघं माझ्या पदरात शिरलेली. मग कुणाला तरी पिंकीच्या मोबाईलची आठवण झाली.

तो व्हिडिओ मी पुष्कळदा बघितलाय. मोठ्या मायचा आवाज, "सुभाष." मग काहीच नाही. पंख्याची घरघर आणि लांब कुठेतरी ट्रॅक्टर. त्या शांततेत ओसरीवरच्या सगळ्या माना एकदम वळतात, एक इकडे, एक तिकडे. मग मायची मूठ परातीत पडते. गहू पडल्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. भाऊंचा नाही.

आता स्पष्टीकरणं. मिस्टरांचे एक मित्र शिक्षक आहेत, ते म्हणाले, वहिनी, कानाला सवय असते. नाव घेतल्यावर उत्तर यायचंच, म्हणून मेंदूने ते भरून काढलं. मला आधी पटलं, हायसंही वाटलं. पण रात्रभर विचार केल्यावर पटेना. भाऊ गेल्यापासून त्या नावाला आम्ही ऐकत आलो ते नंदाताईंचं उत्तर. बाईचा आवाज. मेंदूने सवयीचं भरायचं तर तो भरायला हवा होता. इतक्या जणांच्या मेंदूने एकाच वेळी तंबाखू कुठून आणली? सरांना विचारलं तर ते म्हणाले, याचा अभ्यास करावा लागेल. करा बापडे.

 त्या दिवशी व्हिडिओ बघून झाल्यावर आबा स्वतः उठून उंबऱ्यापाशी गेले आणि नंदाताईंना आत बोलावत म्हणाले, "चाल माय, मझार चाल. पीठ मळाले कोन शे?" माफी वगैरे नाही, तेवढी अपेक्षाही नव्हती. पण या वर्षीचे रोट नंदाताईंच्या हातचे झाले आणि आबांनी मान खाली घालून खाल्ले.

बोअरिंगवरच्या बायांची वाचा परत आली. आता त्यांचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, आवाज आला म्हणजे भाऊ जिवंत आहेत, आईने हाक मारली ती कुठेतरी पोचली. दुसरा म्हणतो, गेले, म्हणूनच तर आले. एकाच आवाजावरून दोन्ही! मागच्या महिन्यात जी बाई विष सांगत होती तीच आता डोळे पुसत नंदाताईंच्या हातचा चहा पिते.

व्हिडिओ कुणीतरी पुढे पाठवला आणि व्हायचं तेच झालं. त्या सिरीजवाल्यांतल्या एका पोराचा मला फोन. "ताई, जबरदस्त मटेरियल आहे. फक्त आवाज नाहीये, तर आम्ही तिथे थोडा इफेक्ट टाकू, मागे म्युझिक..." मी त्याला काय काय बोलले ते इथे छापता येणार नाही. शेवटी एवढंच म्हटलं, की त्या बाईच्या घरची शेवभाजी आधी परत आणून दे, मग बोल. त्याने फोन ठेवला.

आता मी ते पिक्चर बघायचे सोडलेत असं समजू नका. बघते. शिव्या देत बघते.

पण एक गोष्ट राहिली. त्या सकाळी आमच्या माना वळल्या तेव्हा व्हिडिओच्या कडेला, उन्हात, नंदाताई दिसतात. त्या कुठेच बघत नाहीत. आमच्याकडे बघतायत, गोंधळून. मला आठवतं, त्यांनी विचारलंही होतं, "काय व्हयनं? काय व्हयनं व?" ओसरीवरच्या पोराटोरांनी ऐकलं, मिस्टरांच्या एका बहिऱ्या काकांनीसुद्धा मान वळवली. नंदाताईंना काहीही ऐकू आलं नाही.

त्या परवा साड्या घेऊन आल्या होत्या. काम नसलं तरी येतात हल्ली. बसतात आणि विचारतात, आवाज कसा होता. मी सांगते. पुन्हा विचारतात, "थकेल व्हता का व? बारीक पडी जायेल व्हता का?" मी सांगते, नाही, होता तसाच होता. सांगून सांगून माझ्याकडचं सगळं संपलंय. एकेकदा वाटतं, मी ऐकलेलं काढून त्यांच्या कानात घालता आलं असतं तर बरं झालं असतं.

परवा त्यांनी वेगळंच विचारलं. "'माय' म्हनना तो. त्यानानंतर काई बोलना का?"

सगळ्यांनी मला कोण, कसं, कुठून विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं.

"नही व, नंदाताई."

आवाज कुणाचा, कुठून आला, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही आणि मी ते शोधणं सोडून दिलंय. पण सगळ्यांना ऐकू आलं आणि यांनाच का नाही, याने मी कितीतरी दिवस डोकं फोडून घेत होते. नंदाताईंनी मात्र त्याचं उत्तर कधीच काढून ठेवलं होतं. कुणावर राग नाही, तक्रार नाही. पिशवीतल्या साड्यांच्या घड्या नीट करता करता त्या मला समजावल्यासारखं म्हणाल्या,

"अवंदा मी बाहेर उभी व्हती ना, म्हनीसन ऐकू नही उना. पुढला साल मी मझार बससू."